ए ग्रुप आणि बी ग्रुप : मुंबई उपनगरांतील अभियांत्रिकी व जीवशास्त्रे यांच्या निवडीचा इतिहास

प्रस्तावना

दहावीचा निकाल लागल्यापासून अकरावीचा अर्ज भरेपर्यंतच्या पंधरवड्यात मुंबई उपनगरातील मध्यमवर्गीय घरांमध्ये एकच चर्चा चालते. गणित ठेवायचे की जीवशास्त्र, दोन्ही ठेवले तर झेपेल काय, आणि एक सोडायचे तर कोणते? ही चर्चा त्या त्या घराची खासगी बाब मानली जाते. मुलाची आवड, वडिलांची ऐपत, शेजारच्या मुलाचे उदाहरण आणि क्लासवाल्या सरांचा सल्ला यांतून निर्णय होतो, असे आपण गृहीत धरतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हे गृहीतक अपुरे आहे. अभियांत्रिकी आणि जीवशास्त्रे यांच्यामध्ये जी भिंत पंधरा-सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याला निसर्गनियमासारखी वाटते, ती विद्यापीठीय गटरचना, शासकीय आकृतिबंध, विनाअनुदान धोरण आणि उपनगरातील कारखानदारी यांनी टप्प्याटप्प्याने बांधलेली आहे. कोणत्या वर्षी कोणती वीट बसली, हे बहुतांशी सांगता येते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड हा परिसर डोळ्यांसमोर ठेवून ते सांगण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

लेखक इतिहासाचा अध्यापक आहे, विज्ञानाचा नव्हे. अकरावी-बारावीची दोन वर्षे मात्र त्याने विज्ञान शाखेतच काढली. त्याचा उल्लेख पुढे येईल.

उपनगर आणि विज्ञान महाविद्यालय

आज उपनगरात दर दोन स्थानकांमागे एक विज्ञान महाविद्यालय आढळते. ही स्थिती फार जुनी नाही. जोगेश्वरीचे इस्माईल युसुफ महाविद्यालय १९३० मध्ये सुरू झाले, तर अंधेरीचे भवन्स महाविद्यालय १९४६ मध्ये. तोपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या मुलाला विज्ञान शिकायचे तर लोकल पकडून माटुंग्याला रुईयात, नाही तर थेट विल्सन, झेवियर्स वा रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सपर्यंत जावे लागे. महापालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली. त्या पाठोपाठ महाविद्यालयांची लाट आली. पार्ले महाविद्यालय (आजचे साठ्ये महाविद्यालय) १९५९, विद्याविहारचे सोमैया १९६०, मिठीबाई १९६१ आणि घाटकोपरचे झुनझुनवाला महाविद्यालय १९६३ मध्ये निघाले. मुलुंडला मात्र वझे महाविद्यालयासाठी १९८४ पर्यंत थांबावे लागले.

अभियांत्रिकीची वाट याहून अरुंद होती. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ मध्ये स्थापन होऊन १९२३ मध्ये माटुंग्याला आली. पवईचे आयआयटी १९५८ मध्ये सुरू झाले, पण ते अखिल भारतीय होते. शेजारी राहणाऱ्या भांडुप-विक्रोळीच्या मुलाला त्याच्या शेजाराचा काही लाभ नव्हता. उपनगराला आपले म्हणता येईल असे अभियांत्रिकी महाविद्यालय अंधेरीला १९६२ मध्ये, भारतीय विद्या भवनाच्या सरदार पटेल महाविद्यालयाच्या रूपाने मिळाले. म्हणजे साठच्या दशकात उपनगरात विज्ञानाची दारे भराभर उघडत होती, परंतु त्यांतून पुढे अभियांत्रिकीकडे जाणारे दार एखाददुसरेच होते. ही विषमता ध्यानात घेतल्याखेरीज पुढील दोन दशके नीट समजत नाहीत.

इंटर सायन्सची गटवारी

जुन्या पिढीतील प्राध्यापकांच्या बोलण्यात अजूनही 'ए ग्रुप' आणि 'बी ग्रुप' हे शब्द येतात. इंटर सायन्सला गणित घेणारे ते ए ग्रुपचे, जीवशास्त्र घेणारे ते बी ग्रुपचे. पहिल्यांचे लक्ष्य अभियांत्रिकी आणि दुसऱ्यांचे वैद्यक. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. बी ग्रुपचा विद्यार्थी वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र यांसाठी बी ग्रुप घेत नसे. तो डॉक्टर होण्यासाठी घेत असे. वैद्यकीय प्रवेश हुकला की तो बी.एस्सी.ला येई. अभियांत्रिकी हुकलेला विद्यार्थीही असाच भौतिकशास्त्राकडे किंवा गणिताकडे वळे. पण जीवशास्त्रांच्या कपाळी 'हुकलेल्यांचा विषय' हा शिक्का जितका ठळक बसला तितका भौतिकशास्त्राच्या बसला नाही.

हा शिक्का इंटर सायन्सहूनही जुना होता. कर्करोग संशोधक कमल रणदिवे (१९१७–२००१) यांचे वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. स्वतः या विषयाचे अध्यापन करणाऱ्या पित्याचीही इच्छा मुलीने वैद्यक शिकावे, डॉक्टर व्हावे अशीच होती. कमलाबाईंनी वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र निवडले आणि पुढे विवाहानंतर मुंबईत येऊन टाटा स्मारक रुग्णालयात व भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात मोठे काम केले. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. त्यांचे उदाहरण आपण विद्यार्थ्यांना प्रेरणेसाठी देतो. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्यातील वडिलांची इच्छा अधिक बोलकी आहे.

अभियांत्रिकीची ओढ तर सर्वांत वरच्या स्तरावरही होती. होमी भाभांना १९२७ मध्ये केंब्रिजला पाठवले गेले ते यांत्रिक अभियांत्रिकीसाठी, परत येऊन टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे म्हणून. त्यांनी ती परीक्षा पहिल्या वर्गात दिली आणि मगच भौतिकशास्त्राकडे वळले. याच भाभांनी १९६२ मध्ये ओबेद सिद्दिकींना बोलावून कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू करवला, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. त्या विभागातूनच पुढे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे राहिले, परंतु ते बंगळूरला. हाफकिन संस्था परळला, कर्करोग केंद्र परळला, मूलभूत संशोधन कुलाब्याला. उपनगरातील बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला यांतले काहीच जवळचे नव्हते. जवळ होते ते कारखाने.

आग्रा रोडवरील दोन प्रकारचे भोंगे

घाटकोपर ते मुलुंड हा आग्रा रोडचा (आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग) पट्टा अभियांत्रिकी कारखान्यांसाठी ओळखला जाई. विक्रोळीला गोदरेज, कांजूरमार्गला क्रॉम्प्टन, पवईला लार्सन अँड टुब्रो आणि पश्चिमेकडे कांदिवलीला महिंद्र. सरदार पटेल महाविद्यालयाचा किंवा पार्ल्याच्या भागूभाई मफतलाल तंत्रनिकेतनाचा मुलगा येथे नोकरीला लागला की चाळीत पेढे वाटले जात. अभियंता म्हणजे कंपनीच्या बसमधून जाणारा, निळ्या नव्हे तर पांढऱ्या शर्टातला माणूस, ही प्रतिमा याच रस्त्यावर तयार झाली.

याच रस्त्यावर औषधनिर्मितीचाही भोंगा वाजत असे, हे आपण जवळजवळ विसरलो आहोत. मुलुंडला हेक्स्ट या जर्मन कंपनीचा कारखाना होता आणि त्याच्या आवारात संशोधन केंद्रही होते. गोरेगावला सिबा या स्विस कंपनीने संशोधन केंद्र उभारले. १९६३ मध्ये त्याचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले आणि टी. आर. गोविंदाचारी यांच्यासारखा नामवंत रसायनशास्त्रज्ञ त्याचा संचालक होता. मुलुंडच्या केंद्रात सत्तरच्या दशकात कोलियस या वनस्पतीच्या मुळांतून फोर्सकोलिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. पेशींमधील सायक्लिक एएमपीचे प्रमाण वाढवणारे हे द्रव्य जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधनाचे साधन म्हणून वापरले जाऊ लागले. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरांत ज्या 'गरमर'चे लोणचे घालतात, तीच ही वनस्पती. भाजी मंडईत मिळणारे मूळ आणि जागतिक औषधशास्त्रातील द्रव्य यांच्यामधले अंतर एका रेल्वे स्थानकाइतके होते, आणि ते ओलांडण्याचे काम वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व औषधशास्त्र यांनी मिळून केले होते. उपनगरातील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांत ही कथा किती वेळा सांगितली गेली असेल याविषयी लेखकाला शंका आहे.

या केंद्रांतील पदे मोजकी होती आणि ती बहुधा पीएच.डी. धारकांना मिळत. बी.एस्सी. प्राणिशास्त्र झालेल्या तरुणासाठी औषध कंपनीचा अर्थ होता गुणवत्ता तपासणीची प्रयोगशाळा किंवा एम.आर.ची, म्हणजे वैद्यकीय प्रतिनिधीची, चामडी बॅग. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँकांत भरती वाढली तसा आणखी एक मार्ग खुला झाला. पदवीत तीन वर्षे शिकलेल्या विषयाशी ज्याचा संबंध राहत नाही अशा नोकरीकडे नेणारी पदवी, अशी जीवशास्त्रांची प्रतिमा पक्की होत गेली. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या केवळ प्रक्रियेला पेटंट देऊ केले. त्यामुळे भारतीय औषध उद्योग वाढला, पण परदेशी कंपन्यांना येथे मूलभूत शोध घेण्यात रस उरेना. गोरेगावचे केंद्र पुढे बंद पडले आणि मुलुंडचे १९९८ मध्ये निकोलस पिरामलकडे गेले.

१९७५ आणि १९८३

या इतिहासातील दोन वर्षे निर्णायक आहेत. कोठारी आयोगाच्या (१९६४–६६) शिफारशीतून आलेला दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध महाराष्ट्राने १९७५ मध्ये लागू केला. अकरावी-बारावी ही कनिष्ठ महाविद्यालये झाली. आयोगाचा हेतू व्यापक शिक्षणाचा होता. प्रत्यक्षात इंटर सायन्सची जुनी गटवारी नव्या साच्यात तशीच उतरली. ए ग्रुपचे 'पीसीएम' झाले, बी ग्रुपचे 'पीसीबी'. फरक एवढाच पडला की निवड आता कनिष्ठ महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर, दहावीच्या गुणपत्रिकेच्या आधारे होऊ लागली.

दुसरे वर्ष १९८३. वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळाने खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. सहकारसम्राटांच्या संदर्भात या निर्णयाची पुष्कळ चर्चा झाली आहे. त्याचे उपनगरी रूप कमी अभ्यासले गेले. वांद्र्याला थडोमल शहानी आणि विद्याविहारला सोमैया अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्येच निघाले. वांद्र्याचे कॉन्सेसाव रॉड्रिग्ज आणि चेंबूरचे विवेकानंद एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय पुढल्या वर्षी आले. त्यानंतर अंधेरीला राजीव गांधी (१९९२), पार्ल्याला संघवी (१९९४), बोरिवलीला सेंट फ्रान्सिस (१९९९), कांदिवलीला ठाकूर (२००१) अशी पश्चिम रेल्वेलगत रांगच लागली. एकेकाळी गुणांची चाळणी होती, आता गुण आणि पैसा अशा दोन चाळण्या झाल्या. 'डोनेशन' हा शब्द मराठीत रूढ झाला. १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला आणि १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालापासून २००५ च्या इनामदार निकालापर्यंत सर्वोच्च न्यायालयाला हा प्रश्न पुनःपुन्हा हाताळावा लागला.

वैद्यकीय जागा मात्र या प्रमाणात वाढल्या नाहीत. अभियांत्रिकी महाविद्यालयाला काही इमारती आणि यंत्रशाळा पुरतात, वैद्यकीय महाविद्यालयाला रुग्णालय लागते. त्यामुळे पालकांच्या हिशेबात गणित हा सुरक्षित पर्याय आणि जीवशास्त्र हा जुगार ठरला. गणित घेतलेल्याला कोठेतरी अभियांत्रिकीची जागा मिळणारच. जीवशास्त्र घेतलेल्याला वैद्यकीय मिळाले नाही तर पुढे काय, या प्रश्नाला उपनगरातील कोणत्याही घरापाशी उत्तर नव्हते. आवडीचा प्रश्न येथे गौण होता. अनेक विद्यार्थी दोन्ही विषय ठेवून 'पीसीएमबी' करीत आणि निर्णय दोन वर्षे पुढे ढकलीत. हा बेत चैनीचा दिसत असला तरी भीतीपोटी केलेला असे.

यातील विसंगती अशी की, अभियांत्रिकीच्या जागा वाढत होत्या तेव्हा ज्या कारखान्यांकडे पाहून अभियंता होण्याचे स्वप्न जन्मले, तेच कारखाने आक्रसत होते. नव्वदच्या दशकात आग्रा रोडवरील जमिनींचे भाव उत्पादनापेक्षा मोलाचे झाले आणि पुढल्या दशकात तेथे मॉल व मनोरे उभे राहिले. यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतलेले तरुण अंधेरीच्या सीप्झमध्ये संगणकासमोर बसू लागले. १९७३ मध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी स्थापन झालेले ते क्षेत्र सॉफ्टवेअरचे आगर बनले होते. 'इंजिनिअर' या शब्दाचा अर्थ बदलला, प्रतिष्ठा तीच राहिली.

बायफोकल : एका रकान्यात दोन विषय

ज्या तरतुदीची इतिहासकारांनी अजिबात दखल घेतलेली दिसत नाही ती म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयांतील द्विलक्ष्यी, म्हणजेच 'बायफोकल' विषय. संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स यांसारखा दोनशे गुणांचा व्यावसायिक विषय घेतला की दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडता येतो. तरतुदीचा हेतू स्वयंरोजगाराचा होता. उपनगरात तिचा उपयोग वेगळाच झाला. अभियांत्रिकीला जाणारा विद्यार्थी जीवशास्त्र सोडतो आणि त्याच फटक्यात मराठी किंवा हिंदीही सोडतो. गुण चांगले पडतात, पाठांतर वाचते, प्रवेश परीक्षेच्या तयारीला वेळ मिळतो.

प्रस्तुत लेखकाने हेच केले. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या लेखकाने पूर्व उपनगरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात बायफोकल संगणकशास्त्र घेतले, कारण प्रवेशाच्या खिडकीवरील लिपिकाने 'इंजिनिअरिंगला जाणारे सगळे हेच घेतात' असे सांगितले आणि वडिलांना ते पटले. वयाच्या सोळाव्या वर्षी एका स्वाक्षरीने मातृभाषा आणि सजीवसृष्टी हे दोन्ही विषय त्याच्या दप्तरातून गेले. पुढे अभियांत्रिकीचा प्रवेश मिळाला नाही आणि जीवशास्त्राकडे परतण्याची वाट बंद झालेली होती. कला शाखेत येऊन इतिहास घेतला तेव्हा मराठी पुन्हा भेटली. लेखकाची थोरली बहीण त्याच महाविद्यालयात जीवशास्त्र घेऊन शिकली आणि पुढे प्राणिशास्त्राची पदवीधर झाली. तिच्याबाबत घरात वेगळा हिशेब होता. मुलगी आहे, शिक्षिका होईल. उपनगरातील जीवशास्त्रांच्या वर्गांत मुलींची बहुसंख्या का, याचे उत्तर शोधताना अशा हिशेबांकडे दुर्लक्ष करता येणार नाही. येथे मुलींना मिळालेली मोकळीक ही अपेक्षा न ठेवल्याची मोकळीक होती.

विच्छेदनाचा मुद्दाही उपनगरी समाजरचनेशी जोडलेला आहे. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील जैन व वैष्णव गुजराती कुटुंबांतील अनेक विद्यार्थी बेडूक किंवा झुरळ चिरावे लागेल म्हणून जीवशास्त्र टाळत, हे कोणताही जुना प्रयोगशाळा सहायक सांगेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ आणि २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी महाविद्यालयीन विच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबवले. तोपर्यंत निवडीची सवय घट्ट झालेली होती.

विभागांचे काय झाले

आपणा प्राध्यापकांना या इतिहासाची झळ कार्यभाराच्या तक्त्यातून लागते. विद्यार्थी कमी झाले की तासिका कमी होतात, तासिका कमी झाल्या की सेवानिवृत्तीनंतर पद भरले जात नाही. वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र यांचे अनुदानित विभाग अशा रीतीने आक्रसत असताना त्याच महाविद्यालयांत, नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत, जैवतंत्रज्ञानाचे स्वयंअर्थसहाय्यित वर्ग सुरू झाले. मानवी जनुकसंचाचा आराखडा २००० मध्ये जाहीर झाल्यानंतरचा तो उत्साहाचा काळ होता. 'बायोटेक' हे पालकांना अभियांत्रिकीच्या जवळचे वाटले, कारण नावातच तंत्रज्ञान होते. मुलुंडच्या वझे महाविद्यालयासारख्या ठिकाणी केळकर ट्रस्टच्या संशोधन केंद्रामुळे आणि सुगंधी द्रव्यांच्या उद्योगाशी असलेल्या नात्यामुळे या शिक्षणाला काही आधार होता. इतरत्र बऱ्याचदा जुन्याच शिक्षकांनी, तासिका तत्त्वावर, नव्या नावाखाली शिकवले. पारंपरिक विषयाचे शुल्क नाममात्र आणि नव्याचे कित्येक पट. विद्यार्थी मात्र तोच, वैद्यकीय हुकलेला. लेखकाला हा प्रकार विषयांतर नसून नामांतर वाटतो. सहकाऱ्यांचे मत वेगळे असू शकेल.

पवईचा संदर्भ

अलीकडच्या काही निर्णयांनी भिंतीला तडे गेलेले दिसतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये अभियांत्रिकी प्रवेशासाठी विषयांची यादी रुंदावून तीत जीवशास्त्राचाही समावेश केला, तेव्हा देशभर वाद झाला. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण होणाऱ्यांना वैद्यकीय प्रवेश परीक्षेस बसण्याची मुभा दिली. इंटर सायन्सच्या गटवारीला कागदावर तरी पहिल्यांदाच असा छेद गेला. प्रवेश अर्जांतील रकाने आणि खासगी क्लासच्या तुकड्या मात्र अजून 'पीसीएम' व 'पीसीबी' अशाच आहेत.

याच सुमारास पवईत एक वेगळी घटना घडली. आयआयटीच्या जीवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभागात आणि टाटा स्मारक केंद्रात विकसित झालेल्या, रक्ताच्या कर्करोगावरील कार-टी पेशी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत त्याचे लोकार्पण झाले. रुग्णाच्याच पेशी बाहेर काढून, त्यांत जनुकीय बदल करून त्या परत सोडण्याचा हा देशी बनावटीचा पहिला उपचार. ज्या संस्थेच्या प्रवेश परीक्षेत जीवशास्त्राचा एकही प्रश्न कधी विचारला गेला नाही, तिच्या आवारात हे काम झाले. त्याच संस्थेने बी.टेक.च्या सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी जीवशास्त्राचा एक विषय अनिवार्य केला. पेशी, प्रथिने आणि जनुके यांचे ते धडे गिरवणाऱ्यांत, हाच विषय अकरावीच्या अर्जावर खोडून आलेले विद्यार्थी बहुसंख्य असतात.